पाय न वाजणारी बाई

आमचे शेजारी किशनराव गिरणीवाले माणसाच्या तोंडाकडं बघत नाहीत, पायाकडं बघतात. मी जय भीम घातला तर समोरून राम राम यायला वेळ लागतो. आधी त्यांची नजर माझ्या चपलांपर्यंत जाते, तिथं जरा टेकते, मान हलते, आणि मग म्हणतात, "मिस्त्री, टाच वाजली."

टाच वाजली म्हणजे काय, हे ताडकळसात आता शेंबड्या लेकरालाही ठाऊक आहे. चालताना, पायरी उतरताना, ओझं खाली ठेवताना धप्प आवाज झाला की तो किशनरावांच्या लेखी गुन्हा. पाऊल कसं टेकावं, तर अलगद. हा त्यांचा शब्द. उठता बसता तोच म्हणतात, म्हणून गावानं त्यांना अलगदराव करून टाकलं. त्यांना राग नाही. उलट कुणी लांबून "ओ अलगदराव" म्हणून बोंबललं तर म्हणतात, "हाकसुदिक अलगद मारावी."

आता गंमत बघा. हा माणूस दिवसभर बसतो कुठं, तर पिठाच्या गिरणीत. पट्टा फिरायला लागला की टिनपत्रे थरथरतात, बाजूच्या माणसाशी वरडून बोलावं लागतं. तिथं कुणाची टाच वाजली हे देवाला ऐकू यायचं नाही. मी एकदा विचारलं, "तुमाला ऐकू कसं येतं?"

"ऐकायचं कामच न्हाई मिस्त्री. गुडघ्यात दिसतं. गुडघा आधी वाकला तर पाय वाजत न्हाई. ताठ ऱ्हायला की वाजतो."

दळण घेऊन येणाऱ्या बायांची तर रोज परीक्षा. "मावशे, डबा टेकव. टेकव म्हणलं, आदळ न्हाई म्हणलं."

"डबा हाय का नवरी हाय, अलगद उतरवायला?"

"नवरीच समज की."

पंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून गिरणीत आला. किशनराव म्हणाले, "जरा चालून दावा." बिचारा चालला. "परत या." परत आला. "मत दीन. पर खुर्चीत अलगद बसा." तो निवडून आला. आजही खुर्चीत बसायच्या आधी तो एकवार इकडंतिकडं बघतो, मग हळूच टेकतो. किशनरावांच्या मतानं अख्ख्या ताडकळसात चालता येतं ते फक्त गिरणीतल्या मांजरीला. बाकी आपण सगळे नुसते आदळत असतो.

हे सगळं ज्या बाईमुळं झालं ती बाई ताडकळसची नाही. ती बॅले नाचते. बॅले म्हणजे लांबच्या देशातला नाच. पायात चपटे, टोकाला टणक केलेले बूट घालतात आणि सगळं अंग पायाच्या बोटांच्या शेंड्यावर तोलून धरतात. नाव तिचं लय लांब आहे. माझ्या तोंडात बसत नाही, त्यांच्याही बसत नाही. ते नुसतं "बाई" म्हणतात, पोरं शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात तसं. बाजारच्या दिवशी एकानं विचारलं, "बाई कुठली, जर्मनीची का?" परभणीच्या माणसाला जर्मनी सोडून दुसरा देश लवकर आठवत नाही.

"त्याच्याबी पलीकडची," किशनराव म्हणाले. "बर्फातली. बर्फात वावरून पाय हलका झालाय तिचा."

खरं खोटं मला माहीत नाही. मी चौथी शिकलेला गवंडी. पण माझ्या हातच्या भिंती अजून उभ्या आहेत, तेव्हा जे डोळ्यानं बघितलं ते लिहायचा हक्क मला आहे.

किशनराव अंगानं भरलेले. पोट पुढं, गुडघे बसताउठता कुरकुर करणारे, भुवयांवर कायम पीठ. एका दुपारी लाइट गेली. पट्टा थांबला आणि गिरणीत एकदम अशी शांतता झाली की भिंतीवरची पाल चुकचुकली ती सगळ्यांना ऐकू आली. पत्र्याला एक भोक आहे, त्यातून उन्हाचा तिरपा पट्टा खाली येत होता आणि त्यात पीठ तरंगत होतं. बाया दळणासाठी ताटकळल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "अलगदराव, लाइट येस्तोर नाच तरी दावा तुमच्या बाईचा."

सगळ्या हसल्या. किशनराव हसले नाहीत. उठून त्या उन्हाच्या पट्ट्यात जाऊन उभे राहिले.

"हात असा उचलायचा," म्हणाले, "की बोटाला सगळ्यात शेवटी कळलं पायजे. आधी खांदा. मग कोपर. मग मनगट. पाटाला पाणी सोडल्यावर ते जसं सरीसरीनं जातं तसं."

आणि त्यांनी हात उचलला. काय सांगू. तो पिठानं माखलेला, केसाळ, जाडजूड हात वर जायला लागला आणि त्याच्यावरचं पीठ निसटून उन्हात उडायला लागलं. हात वर पोचला तरी बोटं अजून पोचायचीच होती. कुणी हसेना. एका बाईच्या कडेवरचं लेकरू तोंड उघडं टाकून बघत होतं. मला वाटलं, आपण गिरणीत नाही, धुक्याच्या पहाटे गोदावरीच्या काठाला उभे आहोत आणि पलीकडून कुणीतरी हात करायलंय.

तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण त्यांनी एक पाय उचलला, दुसऱ्या पायाच्या चवड्यावर जायला बघितलं आणि कोंड्याच्या पोत्यावर आडवे झाले.

"टाच वाजली का न्हाई, सांगा," मी म्हणालो.

"टाच न्हाई वाजली," पोत्यातून आवाज आला, "बाकी सगळं वाजलं."

हे वेड लागलं ते पंचायतीच्या टीव्हीपायी. आमच्या जवानीत गावात एकच टीव्ही होता, पंचायतीच्या खोलीत. क्रिकेटचा सामना चालू होता आणि खोलीत मुंगीला जागा नव्हती. जिकडं सामना होता तिकडं पाऊस आला. खेळ थांबला आणि मधल्या वेळात टीव्हीवाल्यांनी हा नाच लावून दिला. पांढरा घोळदार झगा घातलेली एक बाई, ही नाही, ती वेगळी, आधीची. लोकांनी कपाळावर हात मारला आणि एकेक जण बिडी ओढायला बाहेर पडला. मीही पडलो. आत राहिले एकटे किशनराव.

त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं. गयावहिनी नवी नवरी, नवऱ्याशी अजून धड बोललीही नसेल. सासूनं तिला पिटाळलं, जा, जेवायला बोलावून आण. ती आली ती खिडकीशीच थांबली. हाक मारायची राहून गेली. आत नवरा बघतोय, बाहेर बायको गजाला धरून बघतेय. पाऊस थांबला, सामना सुरू झाला, आम्ही धक्काबुक्की करत आत शिरलो, तेव्हा किशनराव बाहेर निघाले. असा उलट्या दिशेनं जाणारा माणूस मी कधी बघितला नव्हता. खिडकीपाशी दोघं समोरासमोर आली. गयावहिनी म्हणाली, "तिचा पाय वाजत न्हवता." नवऱ्याशी बोललेलं तिचं पहिलं धड वाक्य हे. मी दारातच होतो, म्हणून मला माहीत.

पुढं कितीतरी वर्षं तसा नाच पुन्हा दिसला नाही. पुण्याला दिलेल्या लेकीनं फोन आणून दिला तेव्हा त्यात ही आताची बाई सापडली. मग दोघा नवराबायकोचा रोजचा कार्यक्रम झाला. सांजेला गिरणी बंद करायची, ओट्यावर बसायचं, फोन तांब्याला टेकून उभा करायचा आणि बघायचं. मध्ये माझी भिंत. भिंतीपलीकडं मी.

मग गयावहिनीच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, उशीर झाला, गेलेली नजर परत येत नसते. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं. वहिनी रडारड करणारी नाही. स्वयंपाकघरातले डबे तिनं एका वळणानं लावून घेतले, भिंतीला हात लावून फिरायला शिकली, आणि पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला म्हणाली, "फोन कामून बंद ठिवलाय? मला दिसत न्हाई, तुमाला दिसतंय ना? सांगा मग."

तेव्हापासून किशनराव सांगतात, आणि भिंतीपलीकडं मला सगळं ऐकू येतं. वहिनीच्या मांडीत सूप, हातात तुरीच्या शेंगा. शेंगा सोलत सोलत ती विचारणार.

"काय करायली बाई आता?"

"उभी हाय."

"उभी तर मैस बी ऱ्हाती. कशी उभी हाय?"

"एका पायावर. दुसरा मागं लांब सोडलाय."

"बगळ्यावानी?"

"बगळ्यावानी न्हाई गं. बगळ्याला मासा पायजे असतो. हिला काहीच नको."

इथं शेंगा सोलायचा आवाज थांबायचा. म्हणजे दिसलं. पुन्हा सुरू झाला की समजायचं, पुढं सांगा.

पण दर वेळी इतकं सोपं जात नसे. वहिनी लय कडक. बाई एका पायाच्या शेंड्यावर गरगर फिरते आणि दुसरा पाय चाबकासारखा बाहेर टाकून आत ओढते, तो भाग आला की किशनरावांना घाम फुटायचा.

"भोवऱ्यावानी फिरायली."

"भोवरा डुलतो. ती डुलायली का?"

"न्हाई."

"मग भोवरा कामून म्हणलाव?"

"रहाटावानी."

"रहाट करकरतो."

"जात्यावानी म्हण."

"जात्याला खुंटा असतो. हिला कोण फिरवायलंय?"

बिचारे बेजार झाले. आठवडी बाजारात माणसं धरून विचारायला लागले, "फिरतं पर डुलत न्हाई, असं काय हाय?" कुणी म्हणालं पंखा. कुणी म्हणालं एसटीचं चाक. मिरच्या विकणारी म्हातारी म्हणाली, "माझ्या सुनेचं डोकं." रोज सांजेला नवा शब्द घेऊन यायचे आणि रोज वहिनी तो सुपातल्या किडक्या दाण्यासारखा बाजूला काढायची.

एक दिवस मला ते सहन होईना. मी भिंतीला वळसा घालून त्यांच्या ओट्यावर गेलो आणि म्हणालो, "आणा तो फोन. काय असं मोठं हाय त्याच्यात?"

बघितलं. झगा फिरत होता, पाय फिरत होता, हात उघडत मिटत होते. डोकं तर सगळ्यात शेवटी वळायचं आणि सगळ्यात आधी परत यायचं. पण टाळूपासून पायाच्या शेंड्यापर्यंत एक रेघ होती आणि ती रेघ जागची हलत नव्हती. उभ्या जन्मात मी भिंतींमध्ये तीच रेघ शोधत आलो.

"हा ओळंबा हाय," मी म्हणालो. "दोरीला बांधलेलं वजन सोडलं की वजन गरगर फिरतं. दोरी हालत न्हाई."

वहिनीचा हात शेंगेवर थांबला. "आमची भिंत बांधताना सोडला व्हता तो का भाऊजी? पितळी?"

"तोच."

"हां," ती म्हणाली. "आता दिसली."

तेव्हापासून बाईच्या नाचात एक शब्द माझा आहे. कुणाला पटो न पटो.

हा दोस्ताना फार टिकला नाही, कारण किशनरावांची जीभ. एका सकाळी गिरणीत गर्दी, मी ज्वारीचा डबा घेऊन आत शिरलो आणि हे सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, भिंतीला ओळंबा लावताव, सोताला कवा लावणार? हत्ती आल्यावानी आलाव." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी डबा उचलला, तसाच फाट्यावर गेलो, एसटी धरली आणि पूर्णेला जाऊन दळून आणलं. त्या दिवसापासून दर वेळी पूर्णा. सून म्हणायची, "मामंजी, ह्या पिठाची भाकर चिरते." मी म्हणायचो, "भाकर चिरू दे, इज्जत चिरली न्हाई पायजे." भिंतीपलीकडून ओळंब्याचा शब्द ऐकू आला की मी मुद्दाम खोकायचो. शब्द माझा आहे, हे लक्षात राहावं म्हणून.

असे कितीतरी महिने गेले. थंडी पडली. आणि एका सांजेला भिंतीपलीकडून नाचाचा आवाज आलाच नाही.

सुनेकडून कळलं. पुण्याच्या लेकीनं फोनवर सांगितलं होतं की बाई आता नाच सोडणार. वय झालं. शेवटचा एक नाच तेवढा करणार, आणि तो जसा चालू असेल तसाच फोनवर दाखवणार. तिकडं दुपार असेल तेव्हा इकडं दिवेलागण.

किशनराव गिरणीत बसत होते, पण कुणाच्या पायाकडं बघत नव्हते. गाव धास्तावलं. बायांनी मुद्दाम डबे आदळून बघितले. एकीनं तर परातच सोडली हातातून. त्यांनी नुसतं विचारलं, "जाड काढू का बारीक?"

अडचण अशी होती की आमच्या गल्लीत बोलण्यापुरता फोन लागतो, चित्र चालेल एवढी रेंज नाही. लेक यायची तेव्हा जुने नाच फोनमध्ये भरून द्यायची, तेच दोघं उलटून पालटून बघायचे. हा चालू नाच बघायचा तर रेंज पाहिजे. आणि आमच्या बाजूला रेंज येते ती एकाच ठिकाणी, माझ्या स्लॅबवर. काही लोक म्हणतात, टॉवर त्या अंगाला आहे म्हणून येते. असेल. पण स्लॅब बरोबर त्या उंचीला आणून ठेवला कुणी?

किशनराव मला विचारायला येईनात. गिरणीच्या पत्र्यावर चढून बघितलं, पत्रा वाकला. पाण्याच्या टाकीवर रेंज होती, पण तिथं लोखंडी शिडी, वहिनीला चढवणार कशी. मी अंगणातून हे सगळं बघत होतो आणि गप्प होतो. मी का बोलावू? मला हत्ती म्हणालेत.

मग एका दुपारी दारात सावली पडली. गयावहिनी. भिंतीला हात लावत लावत, सगळा वळसा घालून एकटी आली होती. ती आली ते मला कळलंच नाही. तिचा पाय वाजला नव्हता.

"भाऊजी, तुमचा जिना मजबूत हाय का?"

गवंड्याला असं विचारतात का. "हत्ती चढंल," मी म्हणालो.

"हत्तीचं काम न्हाई. दोघंच हाव." ती उंबऱ्यावर टेकली. "ते येणार न्हाईत. तुमी बोलवणार न्हाईत. मग मला ती शेवटची दिसणार कशी?"

दिसणार, असंच म्हणाली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेलो. चांगला दणकून आत शिरलो. किशनरावांची नजर सवयीनं माझ्या चपलांवर गेली, तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोला," मी म्हणालो.

"काही न्हाई."

"टाच वाजली ना?"

"वाजली थोडी."

"मग तसं म्हणा की. मुक्यानं कामून बसलाव?" मी डबा खाली ठेवला. "नाचाच्या दिवशी वहिनीला घेऊन वर या. जिना माझ्या हातचा हाय. वाजत न्हाई."

त्या दिवशीचं पीठ इतकं मऊ निघालं की सुनेनं विचारलं, "आज पूर्णेला गिरणी बदलली का?"

ठरलेल्या सांजेला मी स्लॅब झाडून सतरंजी अंथरली. थंडीचे दिवस, धूर वर जात नव्हता, घरांच्या माथ्यावर निळसर पसरून राहिला होता. त्याच्या पलीकडं वेचणी होत आलेली कापसाची रानं, कुठंकुठं राहिलेली बोंडं अंधारतानाही पांढरी दिसत होती. गाव त्या धुराखाली बुडाल्यासारखं आणि आम्ही तिघंच वर तरंगत असल्यासारखं वाटत होतं. वहिनी धुतलेलं लुगडं नेसून आली होती. किशनरावांनी भुवयांवरचं पीठसुद्धा पुसलं होतं. ते तसे मला ओळखूच आले नाहीत.

तांब्याला टेकून फोन ठेवला. पडदा उघडला. बाई आली.

"आली," किशनराव म्हणाले.

"कशी दिसायली?"

"थकलीय थोडी. गळ्याच्या शिरा दिसायल्यात. पर मान..." ते अडखळले. "मान म्हणजे... ज्वारीचं कणीस भरल्यावर ताट कसं... न्हाई, ताट वाकतं. तसं न्हाई."

"थांबा, घाई करू नका," वहिनी म्हणाली.

"जड कणीस घेऊन बी जे ताट वाकलं न्हाई, तसं."

"हां."

मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण बघत होतो. किती बारीक काम. पाय खाली यायचा तो आधी शेंडा, मग चवडा, मग टाच, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत. मला गिलाव्यावरून शेवटची थापी फिरते ती आठवली. नुसतं कसब नव्हतं ते. ती हात पुढं करायची तेव्हा समोर कुणी नसायचं, तरी कुणीतरी निघून गेलंय असं वाटायचं. किशनराव सांगत होते, अडत होते, एक शब्द टाकून दुसरा घेत होते. वहिनी ऐकत होती. आज मांडीत सूप नव्हतं, हात तसेच उघडे पडले होते.

मग बाई धावत आली आणि तिनं उडी घेतली. दोन्ही पाय हवेत, एक पुढं एक मागं, हात पसरलेले. आणि ती खाली आलीच नाही.

चित्र थांबलं होतं. बाई वरच्या वर अडकली होती आणि तिच्या पोटावर ते मेलं गोल चक्र फिरत होतं. बाजा मात्र चालू होता. रेंज अशी अर्धवट यायला लागली की चित्र मरतं आणि आवाज जगतो.

मी तोंड उघडलं. किशनरावांनी माझं मनगट धरलं. घट्ट. आणि डोळे मिटले.

"उतरली," ते म्हणाले. "गुडघा आधी वाकला. कपाशीचं बोंड फुटून कापूस अंगणात पडतो, आवाज न्हाई आला. आता हात खाली यायलेत, आधी खांदा, मग कोपर. बोटं अजून वरच हायेत, बोटांना जायचंच न्हाई. आता फिरायली. ओळंबा, गया. दोरी जागची हालत न्हाई. सगळं अंगण तिच्याभवती फिरायलंय, घरं फिरायलीत, पंचायतीची खोली फिरायली, खिडकीत कोण उभं हाय ते बी फिरायलंय, ती तेवढी जागेवर हाय. आता हळू झाली. आता थांबली. पाणी थांबावं तशी थांबली. एक पाय मागं सोडलाय. हिला काहीच नको."

बाजा चढत गेला, उतरत गेला. किशनरावांचं बोलणं त्याच्याबरोबर चढत उतरत होतं. माझ्यासमोर बाई हवेतच लटकली होती आणि तरी मला ती नाचताना दिसत होती. मी कितीदा फोनकडं बघितलं आणि कितीदा त्या डोळे मिटलेल्या जाड माणसाच्या तोंडाकडं, मला सांगता येणार नाही.

मग बाजा संपला. टिनपत्र्यावर पोतंभर ज्वारी ओतावी तशा टाळ्या वाजल्या.

"वाकली," किशनराव म्हणाले. "फुलं टाकायलेत लोकं. ती उचलून घ्यायली." आणि त्यांनी डोळे उघडले, फोन उलटा करून खिशात घातला.

खाली गल्लीत दिवे लागले होते. मग किशनराव सतरंजी काखेत मारून पुढं उतरले, खालून उजेड दाखवतो म्हणाले. मी वहिनीला हात दिला. दोनेक पायऱ्या उतरलो असू तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, चित्र उडीवरच थांबलं ना?"

खोटं मला बोलता येत नाही आणि खरं बोलवेना.

"बघून सांगतात तवा अडखळतात ते," वहिनी म्हणाली. "शब्द हुडकतात, एक टाकतात, दुसरा घेतात. उडीपसून एकदाबी अडखळले न्हाईत."

"मग म्हणायचं की तसं. रेंजचं काही बघितलं असतं."

"कसं म्हणू?" ती पुढच्या पायरीसाठी पाय चाचपत थांबली. "बाई तर ते मला रोज दाखवतात. आज ते सोता नाचायले व्हते. मधी कशी बोलू?"

खालून आवाज आला, "अलगद या."

मी चपला काढून हातात घेतल्या. उरलेल्या पायऱ्या एकेक करून, आधी गुडघा वाकवत, वहिनीच्या हाताला हिसका लागू न देता उतरलो. किशनराव जिन्याच्या पायथ्याशी फोनचा उजेड आमच्या पायांवर धरून उभे होते. सगळं बघत होते. शेवटच्या पायरीवरून मी जमिनीवर पाय ठेवला. तो वाजला नाही. त्यांनी थोडा वेळ माझ्या पायाकडं बघितलं, आणि मग उजेड बाजूला करून माझ्या तोंडाकडं.